आकाशातली दवंडी



धुळ्याजवळ गोंदूर, तापीपलीकडे शिरपूर आणि जळगावजवळ कुसुंबा. या तीन ठिकाणच्या धावपट्ट्यांमुळे खानदेशच्या आभाळात लहान विमान दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. कपाशी निंदणारी बाई क्षणभर मान वर करते, शाळेतली पोरे खिडकीकडे धावतात, आणि विमान घरघर करीत निघून जाते. त्यात बहुधा कोणी विशी-बाविशीतला मुलगा किंवा मुलगी उडावयास शिकत असते. मुंबईत १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे. आर. डी. टाटा विमान चालवावयास शिकले, आणि १९२९ च्या फेब्रुवारीत त्यांना या देशातला पहिला परवाना मिळाला. याच क्लबने पुढे आपले शिक्षण धुळ्यास आणले. जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ साली झाले. आणि २०२१ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक-शिक्षणासाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्या जोडीस जळगावही होते.

म्हणजे हा विषय आता आपल्या अंगणातला झाला आहे. म्हणून आज मी विमान कसे उडते हे सांगणार नाही. विमान उडण्याआधी जमिनीवर काय होते, ते सांगणार आहे.

एखादे आबा विचारतील, "गुरुजी, आभाळ तर मोकळेच आहे. तिथे ना बांध, ना कुंपण. मग विचारायचे काय आणि कोणाला?"

आबांचा प्रश्न रास्त आहे, पण आभाळ मोकळे नाही. डोळ्यांना न दिसणारे बांध तिथेही घातलेले आहेत. मोठ्या विमानतळांभोवती ठरावीक अंतरापर्यंत आणि ठरावीक उंचीपर्यंतचे आकाश त्या विमानतळाच्या नियंत्रणाखाली असते. तिथे विचारल्याशिवाय शिरता येत नाही. नाशिककडे ओझरला लढाऊ विमाने बांधण्याचा कारखाना आहे, देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे. जिथे तोफांचा सराव चालतो, तिथले आकाश गोळा जितका उंच जाईल त्याहून अधिक उंचीपर्यंत बंद ठेवावे लागते. शिवाय साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्या आहेत, भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी आहेत, आणि उत्तरेस सातपुडा तर आहेच. हे सारे वैमानिकाला ठाऊक असावे लागते.

बांध असते तर एकदा पाठ करून भागले असते. खरी अडचण पुढेच आहे. हे बांध हलतात. आज खुले असलेले आकाश उद्या सकाळी चार तास बंद होते. आज चांगली असलेली धावपट्टी उद्या डांबरीकरणासाठी बंद होते. परवापर्यंत जिथे काही नव्हते, तिथे आज मोबाइलचा उंच मनोरा उभा राहतो.

तापीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावयास नको. पूर्वी नदी पायी उतरणारा माणूस कितीही जाणता असला, तरी पाण्यात पाय घालण्याआधी काठावरच्या भोयाला विचारी, "आज उतार कुठून आहे?" गेल्या वर्षीचा उतार त्याला ठाऊक असे. पण पुराने वाळू हलविली, की कालच्या उतारावर आज डोह असतो. नदीचे जुने ज्ञान हे अज्ञानाहून वाईट. कारण अज्ञानी माणूस निदान भीतभीत तरी पाऊल टाकतो. आकाशाचे नेमके तसेच आहे. वैमानिकाचे ज्ञान शिळे होते, आणि ते ताजे करण्याची जागा जमिनीवर असते, वर नव्हे.

ते ताजे करण्याची व्यवस्था तीन प्रकारची आहे. १९४४ साली शिकागो येथे अनेक राष्ट्रांनी मिळून एक करार केला. त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना निर्माण झाली, आणि तिने घालून दिलेली पद्धत आज आपल्या देशातही चालते.

पहिली वस्तू म्हणजे नकाशा. हवाई नकाशा नेहमीच्या भूगोलाच्या नकाशासारखाच असतो. नद्या, रेल्वे, शहरे, डोंगरांची उंची त्यात असते, आणि त्यावर आकाशातल्या त्या अदृश्य सीमा रेखलेल्या असतात. असा एक प्रचलित नकाशा दहा लाखांस एक या प्रमाणाचा असतो, म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर. धुळे ते जळगाव हे अंतर त्यावर वितीएवढेही भरत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे माहितीचे पुस्तक. देशातल्या विमानतळांची, मार्गांची आणि नियमांची स्थायी माहिती त्यात असते. त्यातले महत्त्वाचे बदल वाटेल त्या दिवशी केले जात नाहीत. साऱ्या जगासाठी २८ दिवसांचे एक चक्र ठरलेले आहे. वर्षात अशी १३ चक्रे येतात, आणि बदल ठरलेल्या गुरुवारीच अमलात येतो. अशा बदलाची वार्ता निदान २८ दिवस आधी संबंधितांच्या हाती पडावी, असा दंडक आहे. पंचांगासारखेच हे, तिथी आधी ठरलेली, म्हणून सर्वांची तयारी सारखी.

पण सगळेच प्रसंग पंचांग पाहून येत नाहीत. धावपट्टीला अचानक खड्डा पडतो, दिवे बंद पडतात, सैन्याचा सराव ठरतो. त्यासाठी तिसरी वस्तू, आणि तीच आजच्या भाषणाचा मुख्य विषय. तिला 'नोटॅम' म्हणतात. म्हणजे वैमानिकांना दिलेली सूचना. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही आकाशातली दवंडी.

गावात दवंडी पिटली जाते तेव्हा ती ऐकणे ज्याचे त्याचे काम असते. "मी त्या दिवशी शेतात होतो, मला कळले नाही" ही सबब चावडीवर चालत नाही. नोटॅमचेही तसेच आहे. उड्डाणापूर्वी उपलब्ध असलेली, त्या उड्डाणास लागू होणारी सर्व माहिती करून घेणे ही विमानाच्या मुख्य वैमानिकाची जबाबदारी आहे, असे आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट सांगतो. ही माहिती आज प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहावयास मिळते. तेव्हा कळले नाही असे म्हणण्यास जागा उरलेली नाही.

मात्र या दवंडीची भाषा सोपी नाही. ती तारेच्या भाषेत असते. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली. पण शब्द तोडून, अक्षरे वाचवून लिहिण्याची तारेची रीत या सूचनांत अजून नांदते आहे. कोणती जागा, केव्हापासून, केव्हापर्यंत, काय घडले, किती उंचीपासून किती उंचीपर्यंत, हे सारे ठरलेल्या क्रमाने आखूड अक्षरांत लिहिलेले असते.

त्यातला एक फास गुरुजनांनी मुलांना मुद्दाम दाखवावा. या सूचनांतली वेळ आपल्या घड्याळाची नसते. ती साऱ्या जगासाठी एकच धरलेली समन्वित वेळ असते, आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. समजा, सूचनेत म्हटले आहे की साडेतीन ते साडेनऊ धावपट्टी बंद. नवशिका म्हणेल, पहाटे साडेतीन ते सकाळी साडेनऊ. आपण दहाला निघू. पण आपल्या घड्याळाने ती वेळ सकाळी नऊ ते दुपारी तीन अशी होते! हा दहाला पोहोचेल तेव्हा धावपट्टीवर मजूर आणि रोलर असतील.

तारीखसुद्धा बदलते. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर तणाव असताना उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ अशाच सूचनांनी बंद ठेवण्यात आले होते. तेव्हा वर्तमानपत्रांत आले, की ही बंदी १५ मेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत आहे. पुष्कळांना नवल वाटले. ५ वाजून २९ मिनिटे ही कसली वेळ? उत्तर सोपे आहे. जगाच्या त्या घड्याळात तेव्हा १४ मेच्या रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटे झालेली असतात. म्हणजे तिथला दिवस संपतो, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट असते. पुढे परिस्थिती निवळली आणि ते विमानतळ १२ मे रोजीच खुले झाले. म्हणजे दवंडी मागेही घेतली जाते. आणि तेही ताजी सूचना पाहणाऱ्यालाच कळते.

आता आपण एक लहानसे उड्डाण कागदावर करून पाहू. गोंदूरहून निघून जळगावला जावयाचे आहे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. वैमानिकांच्या सागरी मैलांत सुमारे ५०. दिशा जवळजवळ सरळ पूर्वेची. खाली पांझरा मागे पडेल, मग पारोळा, मग एरंडोल, मग बांभोरीजवळ गिरणेचे पात्र आणि लगेच जळगाव. नागपूर-सुरत महामार्ग सोबतीला राहील. डावीकडे दूरवर तापी आणि तिच्यापलीकडे सातपुड्याची निळी भिंत. चुकलाच रस्ता, तर नदी किंवा रुळांची रेघ शोधावी. मुंबईहून येणारा आणि सुरतेहून येणारा असे दोन्ही लोहमार्ग जळगावला मिळतात. गुरुजींनी हा तालुक्यांचा नकाशा मुलांपुढे ठेवला, तर पाचवीतला मुलगाही ही वाट बोटाने काढील.

आता गणित. विमानाचा वेग ताशी ९० सागरी मैल धरा. वारा नसेल तर जाण्यास ३३ मिनिटे आणि येण्यास ३३ मिनिटे, मिळून ६६-६७ मिनिटे. समजा, पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा ताशी २० मैलांनी वाहतो आहे. जाताना तो पाठीशी असेल. वेग ११० होईल आणि २७ मिनिटांत जळगाव येईल. मुले म्हणतील, येताना तेवढाच वेळ जास्त लागेल, हिशेब फिटला. पण फिटत नाही! येताना वेग ७० उरतो आणि ४३ मिनिटे लागतात. एकूण ७० मिनिटे. वारा जाताना देतो थोडे आणि येताना घेतो जास्त. दूरच्या पल्ल्यावर हा फरक वाढत जातो, आणि इंधनाची टाकी मात्र तेवढीच असते. म्हणून दिवसाच्या उड्डाणातसुद्धा मुक्कामापर्यंत लागेल त्याहून निदान अर्ध्या तासाचे जादा इंधन असावेच लागते, आणि उतरता आले नाही तर कुठे जावयाचे हे आधीच ठरवावे लागते.

उन्हाचाही हिशेब असतो. खानदेशचा वैशाख काय असतो, हे भुसावळकरांना मी काय सांगावे? तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाची ताकद घटते, आणि विमानाला जमीन सोडण्यास जास्त लांब धावावे लागते. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे. पारा ४३ अंशांवर गेला, की ढोबळ हिशेबाने विमानाला ती जागा ४,००० फुटांहून अधिक उंचीची वाटते. जणू ते महाबळेश्वरच्या पठारावरून उडते आहे. सकाळी सहाला दोघांना घेऊन सहज उडालेले विमान दुपारी दोनला त्याच पट्टीवर अडखळते. विमान तेच, पट्टी तीच. बदलली ती हवा.

एवढे सगळे झाल्यावर उड्डाणाची योजना कळवावी लागते. विमान कोणते, कोण चालविणार, कुठून कुठे, किती वाजता, कोणत्या वाटेने, किती तासांचे इंधन. आणि हवाई संरक्षण दलाकडून त्या उड्डाणाचा परवानगी-क्रमांकही घ्यावा लागतो. काहींना ही कागदाची कटकट वाटते. पण या कागदाला जीव आहे. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासातही विमानाची खबर लागली नाही, की चौकशी सुरू होते. कागदावर वाट लिहिलेली असेल तर शोध त्या वाटेवर होतो. नसेल, तर सातपुड्यात कुठे पाहावयाचे?

हा प्रश्न आपल्याकडे केवळ कल्पनेतला नाही. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी चोपडा तालुक्यात वर्डी गावाच्या परिसरात, सातपुड्याच्या डोंगराळ भागात, एक प्रशिक्षण विमान कोसळले. शिक्षक-वैमानिक जागीच गेले. शिकणारी तरुणी जबर जखमी झाली. त्या अपघाताची कारणे सांगण्याचा अधिकार चौकशी करणाऱ्यांचा. मी ती सांगत नाही. पण तिथे आधी कोण पोहोचले, हे आपण विसरू नये. डोंगरातले आदिवासी बांधव आणि भगिनी धावून गेल्या. रस्ता नव्हता, तेव्हा लुगड्याची झोळी करून त्यांनी त्या मुलीला खाली आणले. वर उडणारा आणि खाली राबणारा यांचा संबंध नाही असे म्हणणाऱ्याला वर्डीच्या माणसांनी उत्तर देऊन ठेवले आहे.

इथे एखादे गुरुजी म्हणतील, "दवंडी आहे, नकाशा आहे, नियम आहे. मग माणसे चुकतात कशी?"

चुकतात, कारण दवंड्या फार झाल्या आहेत. ७ जुलै २०१७ च्या रात्री अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे एक प्रवासी विमान उतरत होते. तिथल्या दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एक त्या रात्री बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांनी उरलेल्या धावपट्टीलाच बंद असलेली पट्टी समजले, आणि तिच्या शेजारच्या रस्त्याला धावपट्टी. त्या रस्त्यावर चार विमाने प्रवाशांसह उड्डाणाची वाट पाहत उभी होती. विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत खाली आले आणि अखेरच्या क्षणी वर उचलले गेले. हजारावर माणसे वाचली. धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांच्या कागदांत होती की नव्हती? होती. २७ पानांच्या गठ्ठ्यात, आठव्या पानावर! डोळ्यांखालून गेली, मनात राहिली नाही. तेथील चौकशी मंडळाने पुढे या सूचनांच्या पद्धतीवरच कडक टीका केली.

दुसरी गोष्ट ११ जानेवारी २०२३ ची. अमेरिकेत या सूचना पोहोचविणारी यंत्रणाच बंद पडली. आकाश स्वच्छ होते, विमाने सज्ज होती. पण दवंडी ऐकू येईना, म्हणून सकाळी देशभरची उड्डाणे थोपवून धरण्यात आली आणि हजारो खोळंबली. देखभाल करणाऱ्यांच्या हातून अनवधानाने काही फाइली पुसल्या गेल्या होत्या, असे नंतर निष्पन्न झाले. एवढे मोठे राष्ट्र. पण बातमी नाही म्हटल्यावर उड्डाण नाही, हे त्याने मानले. त्यात कमीपणा मुळीच नव्हता.

आता खासगी वैमानिकाचे पाहा. प्रवासी कंपनीच्या वैमानिकामागे माणसांची फळी असते. कोणी हवामान पाहतो, कोणी इंधन मोजतो, कोणी सूचना निवडून देतो. शिकाऊ मुलामागे त्याचा शिक्षक असतो. खासगी परवान्यास वयाची १७ वर्षे आणि ४० तासांचे उड्डाण लागते. तो परवाना एकदा हाती आला, की तो माणूस एकटा. महिन्या-दोन महिन्यांतून सवड मिळाली की उडणार. मधल्या काळात आकाश कितीदा बदलले, हे त्याला कोणी सांगणार नाही. त्याच्या खिशात परवाना ताजा असतो, पण डोक्यातला नकाशा शिळा. धोका नेमका इथे आहे.

याला उपाय महागडा नाही. जुने जाणते शिक्षक सांगतात तो असा, की सूचना नुसती वाचू नये, ती नकाशावर शिसपेन्सिलीने काढावी. बंद आकाशाचे वर्तुळ हाताने आखले, की ते विसरत नाही. वेळ आपल्या घड्याळात बदलून शेजारी लिहावी. गठ्ठ्यातून आधी तीन गोष्टी शोधाव्यात: मी निघणार ती पट्टी, मी उतरणार ती पट्टी, आणि मधले आकाश, बाकीचे नंतर. आदल्या रात्री एकदा पाहावे आणि निघताना पुन्हा पाहावे. मग सगळा बेत दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने सांगावा. सांगताना जिथे जीभ अडखळते, तिथेच तयारी कच्ची असते. आणि एखादी सूचना उलगडली नाही, तर विचारावे. उलगडेपर्यंत जमिनीवर राहावे.

शेतकरी बांधवांनो, हे सारे परक्यांसाठी आहे असे मात्र समजू नका. कपाशीवर आणि केळीवर फवारणी करणारा ड्रोन आता गावात आला आहे. बचत गटांतल्या भगिनी तो चालविण्याचे शिक्षण घेत आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे पाडले आहेत. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ही मुभा २०० फुटांपर्यंतच आहे, आणि त्याहून जवळ जमिनीपासूनच परवानगी हवी. हा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावर आहे; तोही बदलतो, आणि प्रत्येक उड्डाणाआधी तो पाहावा असे नियमच सांगतो. कुसुंबा-नशिराबादकडच्या शेतकऱ्याने तर हे विशेष ध्यानात ठेवावे. फवारणीचा ड्रोन आणि उतरणारे विमान यांची गाठ पडणे कोणालाच परवडणारे नाही.

गुरुजनहो, शेवटची विनंती आपणांस. खानदेशचा मुलगा वैमानिक होईल, खानदेशची मुलगी होईल. धावपट्टी तर दाराशी आली आहे. त्यांना विमानाचे चित्र काढावयास जरूर लावा. पण त्याबरोबर नकाशाचे प्रमाण, दिशा, घड्याळाची वजाबाकी आणि वाऱ्याचे गणितही पक्के करून घ्या. आणि एक सवय लावा. शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी तारीख लिहितो, तशी त्या दिवसाची एक ताजी गोष्ट एका मुलाने चौकशी करून लिहावी: नदीला पाणी किती, कोणता रस्ता बंद, वारा कुठून. काल लिहिलेले आज पुसावे आणि पुन्हा विचारून लिहावे. आजची चौकशी आज करावयाची असते, एवढे त्या पोराच्या अंगवळणी पडले, तर पुढे ते विमान चालवो की बैलगाडी, निघण्याआधी वाट विचारील आणि सुखरूप घरी येईल.